परबताईंच्या गोधडीतली माणसं

परबताईंच्या घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि मान खाली घालून चालायचं. नम्रपणा म्हणून नव्हे. पाऊल उंबऱ्याच्या आत पडायच्या आधीच आतून हाक यायची, "बघून गो बाई! माणसां आसत खाली."

खाली फरशीवर माणसं नसायची, कापडाचे तुकडे असायचे. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली अख्खी त्यांनीच अडवलेली. उन्हाने रंग विटतात म्हणून पडदे ओढलेले. त्या पाणचट उजेडात परबताई एका कडेला मांडी घालून बसलेल्या असायच्या, बोटाला चिंधी गुंडाळलेली, तोंडात दोऱ्याचं टोक. पहिल्याच दिवशी मी घाईत शिरले आणि माझा अंगठा एका निळ्या चौकोनाच्या कोपऱ्यावर पडला. "आय गो!" असा आवाज आला. परबताईच ओरडल्या असणार. त्यांचं तोंड मात्र मला हललेलं दिसलं नाही. दोरा तसाच दातांत होता.

"माफ कर हां तेका," त्या शांतपणे मला म्हणाल्या. "नवीन हा ती." मग लक्षात आलं, हे त्या मला म्हणत नव्हत्या. निळ्या चौकोनाला म्हणत होत्या.

मी तेव्हा अवघी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे कोवळीच. अक्कलदाढा पडून गेल्या होत्या आणि अक्कल यायची होती. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते आणि मुलाकडे मुलुंडला राहायला आले होते. मिठागरांच्या बाजूची जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला. जगात जे काही घडतं त्याला कारण असतं आणि ते कारण मला माहीत असतं, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत. वरून मी ती इतरांनाही ऐकवायची. माझी सून केतकी अशा वेळी "हो आई" म्हणून कानात इयरफोन घालायची. किती शहाणी मुलगी, हे मला आत्ता कळतं.

परबताई शेजारच्या, आमची त्यांची भिंत एक. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला, मागे कुणी नाही. डोळ्यांनी सुईचं नाक दिसायचं नाही, म्हणून रोज दुपारी त्या कापडाच्या बोळ्याला टोचलेल्या बारा सुया घेऊन आमच्याकडे यायच्या. "बाई, ओवून दी गो." मी बारा सुया ओवायची, त्या तेवढ्या वेळात अर्धा कप चहा प्यायच्या आणि माझ्या घरातल्या कपड्यांकडे बघायच्या. माणसांकडे नाही, कपड्यांकडे. दोरीवरचे, दारामागचे, अंगावरचे. एकदा माझ्या पदराला हात लावून म्हणाल्या, "बरो लागलो हा तुका." सोपं करून सांगायचं तर, हे कापड तुला बरं लागलंय, आता याला तू लागली आहेस.

हे कापडाला माणूस लागणं, हा परबताईंचा सगळा वेद होता.

गोधडी होती एकच, गेली कित्येक वर्षं चाललेली. नऊ मोठे चौकोन. सासू, सासरे, नवरा, धाकटा दीर, आई, अशी आठ माणसं कडेने, आणि मधला चौकोन रिकामा. प्रत्येक माणसाच्या अंगावरचं कापड त्या चौकोनात. आई आणि आणखी तिघं आधीच बसली होती. बाकीच्यांची कापडं त्यांनी गावच्या घरी ट्रंकांत राखून ठेवली होती, सवडीने शिवायची म्हणून. पुतण्याने घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि ट्रंका भंगारवाल्याला दिल्या. परबताईंना कळलं तेव्हा घरावर पाण्याची टाकीसुद्धा बसली होती.

"आणि मधलं कोणाचं?" मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कुसमाचा. माझा चेडू," त्या म्हणाल्या. चेडू म्हणजे मुलगी, मालवणीत तीही 'होता' आणि 'गेला'. "सा वर्साचा होता. तापान गेला. तेचा तर ट्रंकेतसुद्धा काय नव्हता. सासून त्याच आठवड्यात समदा नदीत सोडल्यान. माका बघवूचा नाय म्हणान." मग सुई कापडात खुपसत म्हणाल्या, "पिवळ्यार तांबड्या छत्र्या. तसो कपडो मिळाक होयो. मगे झाली माझी गोधडी."

गोधडीचा टाका कडेने सुरू होतो आणि फिरत फिरत आत जातो. त्यांचं बोलणंही फिरत फिरत मधल्या चौकोनापाशी येऊन थांबायचं. दुसरं काहीच त्यांना या जगात नको होतं.

आता त्या उरलेल्या चौकोनांची गंमत सांगते. गंमत म्हणते आहे ती आज. तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

केतकीला सुट्टीत पॅचवर्कचा नाद. मोबाइलवरून 'विंटेज' छापाचं सुती कापड मागवायची, गुलाबाची, ठिपक्यांची, आजीच्या पेटीतून काढल्यासारखी दिसणारी कोरी करकरीत कापडं, आणि मशीनवर चादरी शिवायची. परबताईंनी त्या बघितल्या आणि नाक मुरडलं. "ही गोधडी? कोऱ्या कपड्याची गोधडी नसता गो. आंगाक लागाक होयो. ह्या नुसता ढोंग." पण बोलता बोलता त्यांची नजर केतकीच्या मोबाइलवर गेली आणि त्यांनी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला. "ह्या बघ! ह्या आमच्या सासूचा लुगडा! ह्याच्यार कोण बसला हा?" सोफा होता तो. जाहिरातीतला.

त्या दिवसापासून जुन्या छापाची नवी कापडं त्यांच्या घरी यायला लागली. काही केतकी मागवून द्यायची, काहींसाठी त्या स्वतः मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतची दुकानं पायाखाली घालायच्या. "छत्र्या आसत?" विचारायच्या. दोन दुकानदारांनी त्यांना छत्रीवाल्याकडे पाठवलं.

पण कोऱ्या कापडाची गोधडी नसते. मग करायचं काय? माणसं तर गेलेली.

परबताईंनी उपाय काढला. त्या ती कापडं स्वतः नेसायच्या. सासऱ्यांच्या चौकट्यांच्या कापडाचा सदरा शिवून पंधरा दिवस सासरे व्हायच्या, सासूचं लुगडं नेसून पंधरा दिवस सासू. कापडाला त्या त्या माणसाचा घाम, खोकला, राग, सगळं लागलं पाहिजे. मगच कात्री.

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी आपली एका दुपारी सुया ओवायला आज आल्या कशा नाहीत म्हणून बघायला गेले. बेल दाबली. आतून पुरुषाचा खोकला. घसा खरवडून काढलेला, विड्यांनी पिकलेला. दार चार बोटं उघडलं. अंधारात सदऱ्याची बटणं दिसली आणि तंबाखूचा वास आला.

"सरस्वती घराक नाय. मागसून ये," तो आवाज म्हणाला आणि दार लागलं. सरस्वती म्हणजे परबताईच.

दुसऱ्या दिवशी परबताई बारा सुया घेऊन हजर. चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "काल तू इल्लंस म्हणे. मामंजी सांगी होते."

मी दोरा सुईच्या नाकात घालायच्या ऐवजी सुई माझ्या बोटात घातली.

सासूचे पंधरा दिवस तर भिंतीपलीकडे नुसता तमाशा. मी स्टीलची वाटी भिंतीला लावून ऐकायची. ध्वनी घन पदार्थातून अधिक वेगाने जातो, हे मी मुलांना शिकवलंच होतं, ते त्या वयात उपयोगी पडलं.

"ह्या कसला सार? मीठ कोण घालतलो, तुझो बापूस?"

"घातलंय, आत्या." हा परबताईंचा आवाज, पण विशीतला.

"मोठ्यान बोल! तोंडात तांदूळ भरले हत?"

"घातलंय!"

आणि मग त्या दोन आवाजांच्या मागे, आतल्या खोलीतून असावं तसं, कुणीतरी खुदकन हसलं.

मी वाटी काढली, पुसली, परत लावली. केतकी मागे उभी. "आई, तुम्ही वाटी लावून ऐकताय? सीरियसली?"

"डाळ मोजत होते," मी म्हटलं. वाटीत डाळ नव्हती, भिंतीवर तर नव्हतीच नव्हती.

धाकट्या दिराच्या पंधरवड्यात परबताई जिन्याने शीळ घालत उतरायच्या, वॉचमनला डोळा मारायच्या. बिचारा सुट्टी टाकून गावी गेला. आणि मग एके दिवशी नवऱ्याचं कापड आलं, पट्ट्यापट्ट्यांचं, पायजम्याचं. मी सकाळीच वाटी घेऊन तयार. पण भिंतीपलीकडे काहीच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. भांड्याचा आवाज नाही. शेवटी मी दार वाजवून आत गेले, तर परबताई पायजमा घालून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या.

"बरं नाही का?"

"हे असेच," त्या भिंतीला म्हणाल्या. "मिलातना येवचे नि भिंतीकडे तोंड करून निजाचे. बोलत नसत." मग कूस न बदलताच म्हणाल्या, "आज आठ दीस निजून बघलंय. भिंतीत काय नाय गो. माका वाटलेला, काय तरी असतला म्हणान बघी होते."

 यावर विज्ञानाच्या पुस्तकातही काही नव्हतं.

आठ चौकोन भरले. आणि त्याच सुमाराला केतकीच्या मोबाइलवर छत्र्या सापडल्या. पिवळ्यावर तांबड्या, बारीक, मुठीसकट. कापड आलं तेव्हा परबताईंनी ते पुडक्यातून काढलंच नाही बराच वेळ. नुसतं मांडीवर ठेवून वरून थोपटत राहिल्या. मग तीन दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या सुया न घेता. हातावर फ्रॉक. हाताने शिवलेला, फुग्यांच्या बाह्यांचा, सहा वर्षांच्या मापाचा. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"बाई, माझ्या आंगात ह्यो येवचो नाय," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांका मी लागलंय. कुसमाक पोरच लागाक होया. तुझा मुक्ता माका आठ दीस देशीत?"

मुक्ता माझी नात. बरोब्बर सहा वर्षांची. समोर जमिनीवर बसून चित्र रंगवत होती.

"फ्रॉक घालायला?"

"आठच दीस. घालून खेळला, हुंदडला, काय. मगे मी कापून मधी लावतंय. गोधडी पुरी होयत."

इथे त्या बासष्ट वर्षांच्या कोवळ्या मुलीने काय करावं? तिने भाषण केलं. बालमनावर होणारे परिणाम, मृत व्यक्तीशी तादात्म्य, वैज्ञानिक दृष्टिकोन. सात-आठ मिनिटं बोलले असेन. परबताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भिया नको गो. ता कोणाचा वायट करूचा नाय. पोरगा ता."

"भ्यायला काय झालंय? मी विज्ञानाची शिक्षिका आहे!"

"मगे देशीत?"

"नाही," मी म्हटलं.

त्या फ्रॉकची घडी घालून गेल्या. मी दार लावलं, कडी लावली आणि विज्ञानाच्या शिक्षिकेने स्वयंपाकघरात जाऊन मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या घेऊन मुक्तावरून उतरवल्या आणि गॅसवर जाळल्या. केतकी ऑफिसातून आली ती खोकतच. "आई, हा कसला धूर?" फोडणी करपली, मी सांगितलं. एवढी करपलेली फोडणी तिने आयुष्यात पाहिली नसेल.

परबताई मग दारोदार फिरल्या. दुसऱ्या मजल्यावर विचारलं, तळमजल्यावर विचारलं. एका आईने आपल्या मुलीला चार दिवस बोरिवलीला मावशीकडे धाडून दिलं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, 'कृपया लहान मुलांना तिसऱ्या मजल्यावर एकटे सोडू नये.' खाली सोळा जणांचे अंगठे. त्यातला एक माझा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

त्यानंतर परबताई सुया घेऊन आल्या नाहीत. माझी दुपार एकदम मोठी झाली. वाटी लावली तरी पलीकडे काही नाही. खोकला नाही, सासू नाही, शीळ नाही. एवढी माणसं एकदम गप्प झाल्यावर आमचंच घर ओस वाटायला लागलं.

फ्रॉक मात्र त्यांनी गॅलरीत दांडीवर लटकवला होता. आमच्या गॅलरीतून दिसायचा. एप्रिलचे दिवस, वाऱ्याचा पत्ता नाही, मिठागरांवरून नुसती गरम वाफ यायची. सगळ्या इमारतीचे कपडे काठीसारखे उभे, आणि तो एकटा फ्रॉक घेर हलवत असायचा. दोन्ही बाजूंना, हळू, पोर वाट बघताना स्वतःशी डुलते तसा. आणि संध्याकाळी घेराच्या कडेला तांबडी माती. मी चष्मा पुसून बघितलं. तांबडीच. आमच्याकडची माती काळी, खाडीची. तांबडी माती मालवणात.

मी कारण शोधलं. कुंड्यांना तांबडी माती घालतात. परबताईंच्या गॅलरीत एक कुंडी होतीही. तिच्यात झाड नव्हतं आणि ती फ्रॉकपासून चार हात लांब होती, पण मी तेवढ्यावर समाधान मानलं. त्या वयात माणूस कशावरही समाधान मानतो.

मग ती दुपार. तीन वाजले असतील. मी जेवून आडवी झाले ती डोळा लागला. जाग आली तर घर सामसूम. पंखा चालू, मुक्ताची रंगाची पेटी उघडी, दार उघडं, मुक्ता नाही. मला कुठे जायचं ते कुणी सांगावं लागलं नाही. शेजारचं दारही उघडं होतं.

आत तोच विटका उजेड. गोधडी अख्खी पसरलेली. आणि बरोबर मधल्या रिकाम्या जागेत, कुणावरही पाय न देता, मुक्ता उभी होती. पिवळा फ्रॉक घालून. परबताई लांब, स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात मागे धरून.

"मी बोलवक नाय तेका," त्या घाईघाईने म्हणाल्या.  "शपथ घेतंय गो. ता आपणच इला. दांडीयेवरसून काढल्यान नि घातल्यान. मी हात पण लावक नाय."

"मुक्ता," मी म्हटलं, "चल घरी."

मुक्ताने दोन्ही हात फ्रॉकच्या बाजूंवर फिरवले, वर, खाली, काहीतरी शोधत असल्यासारखे. मग परबताईंकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"याला खिसा नाही," ती म्हणाली. "तिला खिसा हवा होता."

"कोणाला गं?" मी विचारलं.

"तिला," मुक्ता म्हणाली. सोपं तर आहे, अशा सुरात.

परबताई दाराला टेकल्या होत्या तशाच घसरत खाली बसल्या.  मग मला म्हणाल्या, मुक्ताला नाही, "कुसमान खिसो मागलेलो. रोज मागी. आवाठे ठेवक होये तेका, चिंचेचे, तुमी चिंचोके म्हणतास ते. मी म्हटलंय, आता नको, गणपतीक शिवतंय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "गणपतीक पंधरा दीस होते."

आज मला विचाराल तर मी सांगेन की जगातल्या प्रत्येक सहा वर्षांच्या मुलीला फ्रॉकला खिसा हवाच असतो, आणि 'तिला' म्हणजे कुणाला हे लहान मुलांच्या बोलण्यावरून ठरवू नये. हे स्पष्टीकरण सुचायला मला चार वर्षं लागली. मुक्ताला विचारलं तर म्हणते, "मला काही आठवत नाही आजी." ती आता चौदाची आहे. चौदाव्या वर्षी कुणालाच काही आठवत नसतं.

पण त्या दुपारी माझ्या अंगावरचा प्रत्येक केस उभा होता, आणि तसंच उभं राहून मी पाहिलं की समोर बसलेली बाई मला घाबरवत नव्हती. तिलाच भीती वाटत होती. मी पोर उचलून घेऊन जाईन याची.

"आठ दिवस ना?" मी म्हटलं. "घालू दे. आधी खिसा लावा."

ग्रुपवरचा तो अंगठा मी त्याच संध्याकाळी काढला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. केतकीला सगळं सांगितलं, मिरच्यांसकट. ती हसत सुटली आणि मग डोळे पुसत म्हणाली, "आई, मला का नाही विचारलंत? मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं."

झालं, मुक्ता फ्रॉक घालून खाली खेळायला जायला लागली. सगळ्या आज्या गॅलरीतून ओरडायच्या, कपडे मळवू नकोस गं! परबताई ओरडायच्या, "बस गो धुळीत! लोळ! खाली बस म्हणतंय ना!" संध्याकाळी फ्रॉक मांडीवर घेऊन एकेका डागाची चौकशी.

"हो कसलो?"

"जांभळाचा."

"हो?"

"पडले."

"बरां केलंस."

आठव्या दिवशी मला त्यांनी बोलावलं. तांदळाची भाकरी केली होती. त्यांच्याकडे रीत अशी की शेवटचा टाका घालायच्या आधी गोधडीच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा सारायचा, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. दोरा ओवलेला, कात्री पुढ्यात. त्यांनी फ्रॉक हातात घेतला, हुंगला, उलटा केला, सुलटा केला.

"आंगाक लागाक नाय अजून," त्या म्हणाल्या. "चार दीस जांव दी."

भाकरी मुक्ताने गुळाशी खाल्ली.

चार दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. दर वेळी कात्री निघायची, दर वेळी फ्रॉक अजून लागलेला नसायचा. दिवाळी गेली. घेर गुडघ्याच्या वर गेला तेव्हा परबताईंनी खालची दुमड सोडून तो दोन बोटं वाढवला. संक्रांतीनंतर उरलेली दुमड सोडली.  मला थोडं थोडं समजायला लागलं होतं. तोवर मी त्रेसष्टची झाले होते, त्याचा परिणाम असावा.

मग एका रविवारी सकाळी, त्यांच्या पुढच्या खोलीत, फ्रॉक मुक्ताच्या डोक्यातून खाली उतरेना. हात वर, तोंड आत, आणि आतून हसण्याचा आवाज. मी ओढते आहे, ती गुदगुल्या झाल्यासारखी हसते आहे. खांद्यावर शिवण टरकली.

"घट्ट झालो?" परबताईंनी विचारलं.

"झाला," मी म्हटलं. "परबताई, आता नाही व्हायचा हा तिला. वाढली ती."

परबताई उठल्या. जवळ येऊन त्यांनी मुक्ताला फ्रॉकमधून सोडवलं, विस्कटलेले केस मागे सारले, आणि पावलांपासून डोक्यापर्यंत तिच्याकडे बघितलं. मुक्ताकडे बघत होत्या की तिच्या जरा पलीकडे, ते मला सांगता येणार नाही.

"वाढला गो," त्या म्हणाल्या. "माझा चेडू वाढला."

मला वाटलं आता कात्री. मीच ती उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. कपाटातून पिशवी काढली, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, "चल, येतंस?"

स्टेशनजवळच्या दुकानात ते कापड आता आलं होतं. दुकानदाराने तागा काउंटरवर उलगडला. पिवळ्यावर तांबड्या छत्र्या, कोऱ्या, खळीचा वास मारणाऱ्या. त्याने मीटर हातात घेतला. "किती देऊ, मावशी?"

"सात वर्साच्या चेडवाक किती लागात?" परबताईंनी विचारलं.

त्याला समजलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

"सव्वादोन मीटर द्या," मी म्हटलं. "आणि घेराला दुमड चांगली चार बोटं ठेवायची हं, परबताई. या वयात पोरी भराभर वाढतात."